चार्जरच्या ओट्यावरची मोहफुलं

आमच्या हॉटेलसमोरचं चार्जिंग मशीन होळीच्या सुमाराला बंद पडलं. नेमकं कोणत्या दिवशी ते सांगता येणार नाही, कारण बंद पडल्यासारखं ते दिसतच नव्हतं. पडदा उजळलेला, दिवे लागलेले, वर कंपनीचं नाव झगमगत. फक्त गाडीत वीज जात नव्हती. आणि मोबाइलच्या नकाशावर आमच्या जागी हिरवा ठिपका होता. हिरवा म्हणजे मशीन चालू आहे, मोकळं आहे, या.

मशीन चालू करा, नाहीतर ठिपका काढा. त्या उन्हाळ्यात मी ही एकच गोष्ट मागत होते. कारण त्या ठिपक्याशेजारी कंपनीचं नाव बारीक अक्षरात होतं आणि आमच्या हॉटेलचं ठळक. ठिपक्यावर विश्वास ठेवून आलेला माणूस शिव्या द्यायला कंपनीकडे जात नाही. तो गल्ल्यावर येतो. गल्ल्यावर मी असते.

हॉटेल म्हणजे जेवणाचं. नागपूर-रायपूर हायवेवर, देवरीच्या अलीकडे. यजमान धानाची शेती बघतात, हॉटेल मी बघते. लग्न होऊन आले तेव्हा इथे चहाची टपरी होती. तिचं हॉटेल झालं ते ट्रकवाल्यांमुळे. ट्रकवाला भाजीच्या चवीआधी दोन गोष्टी पाहतो, गाडी सावलीला लागते का आणि नळाला पाणी आहे का. सावलीला आमच्याकडे करंजीची झाडं होती. नळ मी कधी कोरडा पडू दिला नाही. बोअर आटला त्या उन्हाळ्यात टँकर मागवला, पण नळ चालू ठेवला. पार हरियाणाचे ड्रायव्हर एकमेकांना सांगायचे, देवरीच्या अलीकडे बाईचं हॉटेल आहे, तिथे पाणी असतं म्हणजे असतंच. आमचं नाव एवढ्यावर उभं आहे. दुसरं काही आमच्याकडे विशेष नाही. डाळ सगळीकडे मिळते.

दिवाळीनंतर नागपूरहून कंपनीची माणसं आली. त्यांना रस्त्यालगतची जागा हवी होती, म्हणजे नेमकी करंजीखालची. आम्ही दोघांनी विचार केला. विजेच्या गाड्या वाढणार हे दिसत होतं, गाडी चार्ज होईपर्यंत माणूस कुठे जाणार, जेवायलाच बसणार, हेही दिसत होतं. म्हणून हो म्हटलं. तो निर्णय चूक होता असं मी आजही म्हणत नाही. त्यांनी करंजीची झाडं तोडली, गुळगुळीत काँक्रीटचा मोठा ओटा घातला, स्वतःचा ट्रान्सफॉर्मर बसवला, मशीन उभं केलं. वर छत करू म्हणाले होते, ते केलं नाही. ट्रकवाले कुरकुरत मागच्या मोकळ्या जागेत गेले. काही पुढच्या हॉटेलवर गेले ते गेलेच.

हिवाळा बरा गेला. येणाऱ्या गाड्या साध्या नव्हत्या. बुटक्या, रुंद, जमिनीला पोट लागेल अशा, आणि आवाज काहीच नाही. रायपूर आणि नागपूरच्या पैसेवाल्यांच्या. पिकअप असा की पाठ सीटला चिकटते, असं ते स्वतःच सांगायचे. माझ्या वेटरांना चक्करही मारून आणायचे. या गाड्यांचं जे काही मला कळलं ते त्यांच्याच तोंडून, जेवताना. गाडी विकताना एक आकडा सांगतात, एका चार्जमध्ये इतके किलोमीटर. तो आकडा बेताच्या वेगाने, बेताच्या हवेत, पाय जपून चालवणाऱ्या माणसाचा असतो. असा माणूस असली गाडी विकत घेत नाही. जो घेतो तो दाबतो. दाबली की टक्के भराभर उतरतात, टायर रुंद असले की आणखी उतरतात, आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात तर माणसाला एसी लागतो आणि बॅटरीलाही स्वतःला थंड ठेवावं लागतं. कागदावरच्या अंतरातून मोठा तुकडा हायवेच खाऊन टाकतो.

दुसरं म्हणजे, या गाड्या वीज पिऊ शकतात प्रचंड वेगाने, पण त्यांना तेवढी देणारं मशीन आमच्या या पट्ट्यात नाही. आमचं मशीन त्यांच्या ताकदीच्या मानाने सावकाश पाजतं. दोन गाड्या लागल्या की दोघींना अर्धं अर्धं. त्यात ऐंशी टक्क्यांच्या पुढे गाडी स्वतःच हळू पिते. पण यांना पेट्रोलची सवय. टाकी फुल झाल्याशिवाय जिवाला बरं वाटत नाही. शेवटच्या वीस टक्क्यांसाठी गाडी अडवून बसायचे आणि मागचा उन्हात उभा. मी नियम करून टाकला, ऐंशीला उठायचं. पंगतीत मागचा माणूस पाठीशी उभा असताना कोणी आणखी भात मागत बसत नाही, तसंच हे. एक-दोघं रुसले. बाकीच्यांनी ऐकलं. हे सगळं मी करत होते, कंपनीचा माणूस त्या हिवाळ्यात इकडे फिरकलासुद्धा नाही.

मग होळी आली आणि मशीन बंद पडलं.

मशीनवर मदतीचा नंबर आहे. मी लावला. कुठल्या तरी लांबच्या शहरातून एक मुलगा बोलत होता.

"मॅम, हमारे सिस्टम में आपका चार्जर अवेलेबल दिखा रहा है."

"भैया, मैं उसके सामने खड़ी हूँ. बंद है."

"मॅम, सिस्टम में ग्रीन है."

"तो लोगों की गाड़ी सिस्टम से ही चार्ज कर दो."

तो म्हणाला, तक्रार नोंदवतो. तक्रार नोंदवल्याचा मेसेज आला. थोड्या दिवसांनी तक्रार सोडवल्याचा मेसेज आला. मशीन होतं तसंच. मी पुन्हा लावला. या वेळी एक मुलगी होती. तिला म्हटलं, दुरुस्त नका करू, नकाशावरून काढून टाका. ती म्हणाली, "मॅम, उसका ऑप्शन नहीं है." बंद असलेली गोष्ट बंद आहे असं म्हणायची सोय त्यांच्याकडे नव्हती.

मी मशीनवर पुठ्ठा लावला, मोठ्या अक्षरात, बंद है. पण पुठ्ठा वाचायला आधी इथवर यावं लागतं. आणि इथवर आलेल्या गाडीत पुढे किंवा मागे जाण्याइतकं काही उरलेलं नसतं. म्हणून तर ती इथे आलेली असते.

एका दुपारी राखाडी रंगाची बुटकी गाडी आली, रायपूरच्या बाजूने. गाडीत एकटाच माणूस, माझ्याच वयाचा, काळा चष्मा, पांढरा शर्ट. पुठ्ठा वाचला आणि गल्ल्यावर आला.

"ये क्या तमाशा है? मैप पे हरा दिखा रहा है."

"मैप कंपनी का है, भाईसाब. मशीन भी कंपनी की. हमारी सिर्फ जमीन है."

"मैं राजनांदगांव में चार्ज कर सकता था. आपके भरोसे छोड़ के आया. पाँच परसेंट बचा है."

"मेरे भरोसे? मैंने बुलाया था आपको?"

"होटल का नाम तो आपका ही लिखा है ना."

ते खरं होतं. म्हणून मी आणखी चिडले. त्याला नागपुरात संध्याकाळच्या आत पोचायचं होतं, कोणती तरी बैठक होती, तो सारखं घड्याळ बघत होता आणि सारखं मलाच विचारत होता की आता काय. जणू बॅटरी मीच पिऊन टाकली.

त्याच्या डिकीत घरी चार्ज करायची वायर होती. साध्या सॉकेटवर चालणारी. आमच्या स्वयंपाकघरात डोशाचं पीठ वाटायचं मोठं ग्राइंडर आहे, त्याचं सॉकेट जाड आहे. ग्राइंडर सोडवलं, खिडकीतून वायर काढली, लावली. गाडीने घ्यायला नकार दिला. लाल दिवा. असं का होतं ते मला माहीत होतं. उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थिंग नीट लागत नाही, अशा गाड्यांना ते लगेच कळतं. मागच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा आहे, त्यात बादलीभर पाणी ओतलं. दिवा हिरवा झाला. तो माणूस बघत राहिला.

त्या सॉकेटवर असली गाडी म्हणजे हत्तीला वाटीने पाणी पाजणं. दुपारपासून दिवे लागायच्या वेळेपर्यंत तो बसून होता. जेवला, चहा प्यायला, पुन्हा चहा प्यायला. फोनवर कोणाकोणाला ओरडला. साकोलीपर्यंत पोचता येईल एवढं भरल्यावर निघून गेला. त्या दिवशी डोशाचं पीठ पाट्यावर वाटावं लागलं, म्हणजे मला वाटावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नकाशा उघडला, ठिपका गेला का बघायला. ठिपका होता. खाली त्याने लिहिलेलं होतं, आणि वेळ पाहिली तर आदल्या दिवशी दुपारचीच, म्हणजे माझ्याच टेबलवर बसून, माझ्याच सॉकेटला गाडी लावून लिहिलेलं. होटल वाले चार्जर जानबूझकर बंद रखते हैं, ताकि आदमी घंटों बैठे और खाना खाए.

मी ते दोनदा वाचलं. मग भांडी घासणाऱ्या बाईवर विनाकारण ओरडले.

त्याच्या खाली आणखी लोकांनी लिहायला सुरुवात केली. कोणी म्हणालं लुटारू, कोणी म्हणालं इथे थांबू नका. ज्यांनी आमच्याकडे पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं तेही लिहीत होते. आणि एक दिवस आमचा एक जुना ट्रकवाला, नळावर तोंड धुताना, हसत म्हणाला, "क्या भाभीजी, सुना है अब बिजली रोक-रोक के खाना खिलाती हो." तो मस्करी करत होता. पण बातमी ट्रकवाल्यांपर्यंत पोचली होती. इतकी वर्षं नळ चालू ठेवून मिळवलेलं नाव एका मेलेल्या मशीनमुळे जात होतं, आणि ज्यांचं मशीन त्यांना ते जिवंत दिसत होतं.

त्याच सुमारास मोह गळायला लागला. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आमची मोहाची झाडं आहेत. सासूबाई अजून पहाटे टोपली घेऊन जातात, वेचून आणतात, वाळवतात. त्यांना जाऊ नका म्हणण्यात अर्थ नसतो. दरवर्षी त्या मागच्या अंगणात वाळवायच्या. त्या सकाळी मी हॉटेल उघडलं तर काँक्रीटच्या ओट्यावर, मशीनच्या अगदी पायथ्यापर्यंत, पिवळी ओली फुलं पसरलेली. आणि सासूबाई झाडूच्या टोकाने ती सारखी करत होत्या.

"आई, हे काय?"

"दिसून नाई राह्यलं का? मोह."

"इथे गाड्या लागतात."

"कोनती गाडी? दाखव मले."

मी मशीनवरच्या पुठ्ठ्याकडे बघितलं.

"होळीपासून एक गाडी नाई लागली. एवढा चांगला फरस दिवसभर उन्हात पडून राह्यला, मंग कायले सोडू? मांगच्या आंगनात माती लागते मोहाले."

"कंपनीची जागा आहे ती."

"कंपनी आली तर म्हन, म्हातारीले विचारा."

मला खरं तर राग आला होता. मोहाचा वास मला आवडत नाही, डोकं चढतं. पण कडेला उभी राहून बघताना मनात आलं, इतक्या दिवसांत त्या मशीनजवळ दिसलेली ही पहिली खरी गोष्ट. मी मोबाइल काढला. मशीन, त्याचा उजळलेला पडदा आणि समोर पसरलेली फुलं, सगळं एका फोटोत घेतलं आणि नकाशावर आमच्या नावाखाली टाकलं. लिहिलं, चार्जर बंद है. फिलहाल यहाँ महुआ सूखता है. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोटो. तिसऱ्या दिवशी पुन्हा. सासूबाईंचा मोह रोज ताजा असायचा, तसा माझा फोटोही.

मशीन बंद आहे म्हणून मी किती वेळा फोन केले ते मोजलं नाही. त्यांच्याकडून एकही आला नाही. मोहाचे फोटो टाकल्यावर मात्र आठवड्याच्या आत आला. तिकडून एक गृहस्थ अतिशय गोड आवाजात बोलत होते. "मॅडम, इससे ब्रांड की इमेज खराब हो रही है."

"किसकी?"

"ब्रांड की, मॅडम."

"और मेरी?"

त्यांनी सांगितलं की ते माणूस पाठवत आहेत. मला वाटलं, आलं डोकं ठिकाणावर.

माणूस आला, नागपूरहून, डिझेलच्या गाडीतून. तिशीतला, गळ्यात ओळखपत्र. उतरला आणि आधी मोहफुलांचे फोटो काढायला लागला. या बाजूने, त्या बाजूने, एक वरून. मशीनकडे पाठ करून.

"मॅडम, हे काढावं लागेल. ऑब्स्ट्रक्शन आहे. गाडी लागायची जागा मोकळी पाहिजे, करारात आहे."

"मशीन चालू आहे का?"

"ते वेगळं."

"वेगळं कसं? मशीन चालू करा, मी स्वतः झाडू घेते."

"माझं काम आज फक्त जागा बघायचं आहे, मॅडम. मशीनची तक्रार दुसऱ्या टीमकडे असते. आणि सिस्टममध्ये तुमचं मशीन ओके आहे."

"मग गाड्या का चार्ज होत नाहीत?"

त्याने फुलांकडे बोट दाखवलं. "जागा अडवलेली आहे ना. आम्ही कारण तेच टाकणार."

मला कळायला एक क्षण गेला. मशीन होळीपासून बंद होतं त्याचं कारण म्हणून ते सासूबाईंचा मोह लिहिणार होते. जो मोह तेव्हा झाडावरसुद्धा नव्हता. म्हणजे लोक म्हणत होते मी मुद्दाम बंद ठेवते, आणि आता कंपनीच तसं लिहून देणार होती.

मी आवाज चढवला नाही. चढवला की लोक बाईचा आवाज ऐकतात, बोलणं ऐकत नाहीत. मी त्याला म्हटलं, "तुमच्याकडे या मशीनची किल्ली आहे?"

"आहे, पण..."

"उघडा."

"मॅडम, परवानगी..."

सासूबाई ओट्याच्या कडेला बसून काड्या निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "उघड ना, बाबू. काऊन भेऊन राह्यला? आत साप बसला का?"

तेवढ्यात ती राखाडी गाडी आली. मी बोलावली नव्हती. तो माणूस या रस्त्याने नेहमी जातो, हे मला नंतर कळलं. या वेळी तो नागपूरहून येत होता, साकोलीला चार्ज करून, चहासाठी थांबला होता. माझ्याकडे येणं त्याला जड जात असावं, पण रस्त्यावर दुसरीकडे आमच्यासारखा चहा नाही. उतरला, फुलं बघितली, मला बघितलं.

"अभी भी बंद है?"

"मुझसे मत पूछिए," मी म्हटलं. "मैं तो जानबूझकर बंद रखती हूँ. ये कंपनी से आए हैं, इनसे पूछिए."

तो जरा ओशाळला. मग त्या पोराकडे वळला आणि त्याचा आवाज बदलला. मोठ्या गाडीवाल्याचा आवाज. मी इतक्या दिवसांत जे मागत होते ते त्याने एका वाक्यात मागितलं, आणि पोराने खिशातून किल्ली काढली. याचाही मला राग आला, पण तो बाजूला ठेवला.

दार उघडलं. पोराने लॅपटॉप जोडला, इकडे तिकडे बोटं फिरवली. मग थांबला. मान खाली घालून बघत राहिला.

"क्या हुआ?" राखाडी गाडीवाल्याने विचारलं.

"सिम."

"क्या सिम?"

मशीनच्या पोटात मोबाइलसारखं एक सिम असतं. त्यावरून मशीन कंपनीशी बोलतं. गिऱ्हाईक मोबाइलवरून चार्जिंग सुरू कर म्हणतं, ते कंपनीकडे जातं, कंपनी मशीनला सांगते, मग वीज सुरू होते. त्या सिमचा रिचार्ज संपला होता. होळीच्या सुमाराला. बाकी मशीन ठणठणीत होतं.

"मग हिरवं कसं दिसतं?" मी विचारलं.

पोरगा खरं बोलला, ते त्याच्या बाजूने सांगायला हवं. म्हणाला, "मॅडम, बोलणं तुटलं तेव्हा ते हिरवं होतं. त्यानंतर त्याच्याकडून काहीच आलं नाही. काही आलं नाही म्हणजे काही बिघडलं नाही, असं सिस्टम धरतं."

मी त्या वाक्याचा विचार आजही करते. गप्प बसलेला बरा आहे असं समजायचं. आमच्या घरातल्या किती बायकांबद्दल असंच समजलं गेलं, ते इथे लिहीत नाही.

मी मोबाइल काढला. "नंबर सांगा. आत्ता करते रिचार्ज. माझ्या निम्म्या वेटरांचे मीच करते."

"नंबर हेड ऑफिसकडे असतो. तिकडूनच होतं. दोन-चार दिवस..."

राखाडी गाडीवाल्याने मोबाइल वर धरला आणि चित्रीकरण सुरू केलं. मशीन, उघडं दार, पोराचं ओळखपत्र, मोहफुलं, सासूबाई. "बोलिए," पोराला म्हणाला, "फिर से बोलिए, क्या खत्म हुआ है." पोरगा घाईघाईने दूर जाऊन फोनवर बोलू लागला. चहा उकळून कपात यायच्या आत रिचार्ज झाला. दोन-चार दिवसांचं काम.

मशीनच्या आत एक बारीक दिवा लुकलुकायला लागला. पोराने मला दाखवलं, दार बंद असतानाही खालच्या फटीतून तो दिसतो. लुकलुकला म्हणजे मशीन कंपनीशी बोलतंय. स्थिर राहिला म्हणजे गप्प. मी मोबाइलवर नकाशा उघडला. काहीच बदललेलं नव्हतं. हिरवा तो हिरवाच. खोटा हिरवा आणि खरा हिरवा दिसायला सारखाच.

सासूबाईंनी एका गाडीपुरता मोह बाजूला सारला. "एवढ्यात लाव," म्हणाल्या. "फुलावर चाक नको नेऊ." त्याने ती महागडी गाडी एवढी जपून मागे-पुढे घेत लावली की बघत राहावं.

गाडी पीत होती तोवर मी त्याच्या टेबलवर गेले. "जो लिखा था, मिटाइए. मेरे सामने."

त्याने मिटवलं, मोबाइल माझ्याकडे वळवून दाखवला.

"अब लिखिए."

"क्या?"

"जो देखा."

त्याने लिहिलं. मशीनच्या सिममध्ये रिचार्ज नव्हता, हॉटेलचा काही दोष नाही. त्याने माफी मागितली नाही आणि मला ती नकोही होती. लिहिलेलं पुरे होतं. ऐंशी टक्क्यांना मी त्याला उठवलं. पोरगा जाताना म्हणाला, अहवालात दोन्ही कारणं लिहितो. नंतर कंपनीकडून जे आलं त्यात एकच होतं, जागा अडवलेली आढळली.

वैशाख संपायच्या आधी मशीन पुन्हा गप्प झालं. या वेळी का, ते कोणी येऊन बघितलंच नाही, आपोआप सुरू झालं, पुन्हा गेलं. मोह संपला होता. सासूबाईंनी ओट्यावर उन्हाळी धान टाकलं. फटीतला दिवा स्थिर दिसला की त्या मला विचारायच्याही नाहीत, ताडपत्री घेऊन यायच्या. दिवा लुकलुकायला लागला की मी सांगायचे आणि त्या कुरकुरत गोळा करायच्या. कंपनीला जे जमलं नाही ते आमच्याकडे असं चाललं होतं. ओट्यावर काही वाळत असलं की मशीन बंद.

राखाडी गाडीवाल्याने ते चित्रीकरण, हॉटेलच्या नंबरसकट, आपल्या ओळखीच्या गाडीवाल्यांत पाठवलं होतं. एक दिवस त्याचा फोन आला, रायपूरहून निघताना.

"आंटी, महुआ पड़ा है क्या?"

माझ्याच वयाचा माणूस मला आंटी म्हणत होता. मी ते सोडून दिलं. "महुआ खत्म. धान पड़ा है."

"मतलब बंद."

"बंद."

"ठीक है, राजनांदगांव से भर के आता हूँ. और धीरे चलाता हूँ."

मग दुसऱ्यांचेही यायला लागले. अनोळखी आवाज, नागपूरहून, दुर्गहून, भंडाऱ्याहून. कोणी नाव सांगत नाही, नमस्कार करत नाही. एकच प्रश्न, महुआ है क्या. है म्हटलं की आधीच कुठेतरी भरून घेतात, एसी कमी करतात, पाय हलका ठेवतात, आणि तो कागदावरचा आकडा विसरून अंतर कापतात. नहीं है म्हटलं की येतात. भाजी चुलीवर असताना फोन घ्यावा लागतो. कंपनीचं काम मी फुकट करते आहे, हे मला कळतं. यजमान म्हणतात, नको उचलू फोन. पण मी उचलला नाही तर ठिपका उत्तर देणार, आणि ठिपक्याखाली नाव माझं आहे.

परवा आषाढातला पाऊस कोसळत होता. ओट्यावर पाण्याशिवाय काही नव्हतं. फोन आला. या वेळी बाईचा आवाज, नागपूरच्या पुढे लागलेली, एकटीच गाडी चालवत रायपूरला निघालेली. आवाजावरून नवीन असावी, कोणीतरी नंबर दिलेला.

"जी, वो... महुआ है क्या, ये पूछना था."

"रुकिए, देख के बताती हूँ."

छत्री घेतली, ओट्यावर गेले. पडदा झळकत होता, कंपनीचं नाव धुऊन निघून जास्तच चमकत होतं. वाकून फटीत बघितलं. दिवा स्थिर.

"है," मी म्हटलं.

"इतनी बारिश में?"

"बारिश में भी. साकोली से भर लीजिए, फिर आराम से आइए. चाय यहीं पीजिए."

ती बरं म्हणाली. ओल्या पायांनीच मी मदतीचा नंबर लावला.

"मॅम," तिकडून मुलगा म्हणाला, "हमारे सिस्टम में तो ग्रीन है."